माइकवर डावाचं नाव ऐकू येऊ द्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

अकोट, दर्यापूर किंवा मंगरुळपीर तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यात सातवी-आठवीतल्या पोराला विचारा, टीव्हीवरच्या रेसलिंगमधले पाच डाव सांग. चोकस्लॅम, डीडीटी, सुप्लेक्स, स्पिअर, पाइलड्रायव्हर अशी नावं तो एका दमात सांगेल. मग त्यालाच विचारा, यात्रेतली शेवटची कुस्ती कोणत्या डावावर झाली. तो म्हणेल, ‘उचलून आपटला’. कलाजंग त्यानं दहा फुटांवरून पाहिलेला असतो, पण त्याचं नाव त्याच्या कानावर कधी पडलेलं नसतं.

दोष पोराचा नाही, माइकचा आहे. टीव्हीवरचा निवेदक प्रत्येक डावाचं नाव दर वेळी घेतो आणि तोच डाव पुन्हा दाखवला की पुन्हा घेतो. वर्षभर हे ऐकल्यावर नाव पाठ झाल्याशिवाय राहत नाही. आपल्या दंगलीत माइक चार-पाच तास अखंड चालू असतो आणि तेवढ्या वेळात डावाचं नाव चार-पाचदासुद्धा येत नाही. येतात ती देणगीदारांची नावं, मान्यवरांचं आगमन, सिनेमातले संवाद आणि ‘काय कुस्ती आहे, काय कुस्ती आहे’. पोळ्यापासून दंगलींचे फलक लागतात, दिवाळीनंतर यात्रांचा हंगाम चालू होतो आणि चैत्रात हनुमान जयंतीपर्यंत दर आठवड्याला कुठं ना कुठं आखाडा असतो. म्हणून आयोजक मंडळांनी आणि माइक धरणाऱ्यांनी विचारात घ्यावं असं थोडं सविस्तर लिहीत आहोत.

टीव्हीवरच्या त्या कुस्तीबद्दल आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. तिथला निकाल अगोदर ठरलेला असतो. डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे 2002 पर्यंतची डब्ल्यूडब्ल्यूएफ, हा गोष्ट सांगण्याचा खेळ आहे आणि निवेदक त्या गोष्टीतलं एक पात्रच असतो. आपल्या मातीतल्या कुस्तीला ती तऱ्हा लागू पडत नाही आणि पडूही नये. पण माइकचं काम त्यांनी फार विचारानं बांधलं आहे. तिथं बहुतेक वेळा दोन माणसं बसतात. एक फक्त हालचाल सांगतो: कोणी, कुठं धरलं, काय मारलं. दुसरा त्या हालचालीचा अर्थ सांगतो, पैलवानाचा इतिहास आणि स्वभाव सांगतो. जुन्या जोड्यांत हा दुसरा खलनायकाची बाजू घेऊन पहिल्याशी भांडायचा. गोरिला मॉन्सून आणि बॉबी हीनन ही जोडी त्यासाठीच गाजली. मॉन्सून स्वतः आधी पैलवान होता आणि मार कुठं बसला ते सांगताना शरीरशास्त्रातली नावं घ्यायचा. ‘डोक्याला लागलं’ एवढ्यावर न थांबता कवटीच्या कोणत्या भागाला लागलं ते सांगायचा. जिम रॉस हा आणखी एक गाजलेला निवेदक. 28 जून 1998 ला पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरनं मॅनकाइंडला पिंजऱ्याच्या छतावरून थेट निवेदकांच्या टेबलावर फेकलं, तेव्हा माइकवर रॉस आणि जेरी लॉलर होते. त्या प्रसंगाचं चित्रण आजही लोक रॉसच्या आवाजासकट आठवतात. आवाज चढवायचा तो खरोखर काही घडतं तेव्हा, हे त्यावरून कळतं. पहिल्या सलामीपासून किंचाळणाऱ्याकडं शेवटच्या कुस्तीसाठी आवाजच उरत नाही.

ठरलेल्या कुस्तीचा निवेदक एवढं नेमकं बोलतो. खऱ्या कुस्तीत पुढच्या क्षणी काय होईल हे पैलवानालाही ठाऊक नसतं, म्हणून आपली जबाबदारी त्याच्यापेक्षा मोठी आहे.

आखाड्याभोवतीची गर्दी पाहा. पुढच्या तीन-चार रांगा बसलेल्या असतात, मागं लोक उभे, त्यामागं बंड्यांवर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलेले. गडी उभे असेपर्यंत, म्हणजे खडाखडी चालू असेपर्यंत, सगळ्यांना सगळं दिसतं. पटाला, म्हणजे पाय धरायला, जाऊन दोघं मातीत बसले की पाचव्या रांगेपासून मागं फक्त पुढच्यांच्या टोप्या दिसतात. निवेदनाची खरी गरज नेमकी तिथून सुरू होते. अनुभव मात्र उलटा येतो. खडाखडीत निवेदकाची पट्टी जोरात चालते आणि एकानं दुसऱ्याला खाली दाबून कब्जा घेतला की ‘अरे अरे अरे’ एवढंच ऐकू येतं. मागच्या माणसाला जे दिसत नाही ते सांगणं, हे पहिलं काम. जे दिसतं आहे त्यावर कमी बोललं तरी चालतं.

त्यासाठी निवेदकाला स्वतःला दिसलं पाहिजे. मंचावर मान्यवरांच्या खुर्च्यांशेजारी उभं राहून कुस्ती सांगता येत नाही. मंच साधारण आखाड्यापासून लांब, त्यातही हारतुऱ्यांची मधे ये-जा. निवेदकानं आखाड्याच्या काठाला, मातीपासून आठ-दहा फुटांवर, पश्चिमेला पाठ करून उभं राहावं. दंगल दुपारी सुरू होऊन दिवस मावळेपर्यंत चालते. चारनंतर ऊन डोळ्यांवर आलं की तोंड पश्चिमेला असलेल्याला फक्त दोन सावल्या दिसतात. पंच ज्या बाजूला असेल त्याच्या समोरची बाजू आपण धरावी. म्हणजे पाठ एकाला दिसली नाही तर दुसऱ्याला दिसते. आखाड्यात पाय ठेवायचा नाही, चपलेनं तर नाहीच. गडी काठाकडं लोळत आले की आपण मागं सरायचं.

नजर हातांवर ठेवू नये, कमरेवर ठेवावी. हात फसवे असतात. डावाची सुरुवात कमरेतून आणि पुढच्या पायावर पडणाऱ्या वजनातून होते. कंबर खाली गेली की पट येणार, कंबर वळली की धोबीपछाड किंवा ढाक असा फेकीचा डाव येणार. हे अर्धा क्षण आधी दिसलं तर नाव वेळेवर तोंडात येतं. हातांकडं बघणारा निवेदक नेहमी एक डाव मागं राहतो.

डावांच्या नावांत होणाऱ्या चुका इतक्या ठरलेल्या आहेत की त्या सहज सुधारता येतील. खांद्यावरून पडला की सरसकट ‘धोबीपछाड’ म्हटलं जातं. धोबीपछाडीत समोरच्याचा एक हात दोन्ही हातांनी धरून पाठ वळवायची असते आणि धोब्यानं दगडावर कपडा आपटावा तसा तो गडी पाठीवरून समोर येतो. कलाजंगात पाठ वळत नाही. डोकं समोरच्याच्या काखेखाली घुसतं, एक हात त्याच्या दोन मांड्यांमध्ये जातो आणि तो मानेवर-खांद्यावर आडवा उचलला जातो, पोतं उचलावं तसा. एक हात मांड्यांत दिसला की कलाजंग, दोन्ही हात एकाच हातावर दिसले की धोबीपछाड. दुसरी गफलत पट आणि टांग यांची. हातानं पाय धरला तर पट, पायानं पाय मारला तर टांग. एक पाय धरला तर एकेरी पट, दोन्ही धरले तर दुहेरी. टांग आतून लागली की आतली, बाहेरून लागली की बाहेरची. खाली बसलेल्या कुस्तीत भारंदाज आणि मोळी यांची सरमिसळ होते. भारंदाजात मागून कमरेला मिठी मारून गडी फिरवतात. मोळीत मान आणि पाय एकमेकांकडं आवळतात, सरपणाची मोळी बांधावी तसे. एवढे सात-आठ डाव बिनचूक ओळखता आले तरी गावच्या दंगलीतल्या बहुतेक कुस्त्या सांगता येतात. घिस्सा, लपेट, एकलंगी, निकाल हे डाव म्हणजे पुढची इयत्ता. ती शिकायला गावच्या वस्तादाशेजारी दोन-तीन संध्याकाळी तालमीत बसावं, दुसरा मार्ग नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बुऱ्हाणपूर, खंडवा, बैतूलकडचे पैलवान येतात आणि त्यांच्यासोबत हिंदी बोलणारी गर्दीही येते. तिथं ‘धोबीपछाड’ म्हणून लगेच ‘धोबीपाट’ म्हटलं तर बिघडत नाही. दोन्ही नावं लोकांना माहीत व्हावीत. पण अख्खं वाक्य दोनदा, दोन भाषांत सांगू नये. पहिलं वाक्य संपेपर्यंत कुस्ती पुढं गेलेली असते.

बोलायचा क्रम कोण, कुठं, काय असा असावा. आधी गडी, मग अंगाचा भाग, मग डाव. एक फेक दीड-दोन सेकंदांत संपते. तेवढ्यात पाच-सहा शब्दच मावतात. पूर्ण नाव, गाव, तालीम, वस्ताद हे सगळं खडाखडीत सांगून घ्यावं. पकड झाल्यावर गड्याची एकच खूण वापरावी, आणि ती नाव नसलेली बरी. मातीत दोन मिनिटांत दोन्ही अंगं एकाच रंगाची होतात, चेहरेसुद्धा. म्हणून जोड लागतानाच दोघांच्या लंगोटांचा किंवा जांघियांचा रंग बघावा. तो सारखा असेल तर एकाच्या कमरेला बोटभर रुंद लाल कापडाची पट्टी बांधायला पंचांना सांगावं. मॅटवर लाल आणि निळा पोशाख असतोच, मातीत ती सोय आपण करायची.

प्रत्यक्ष निवेदन साधारण असं व्हावं:

‘खडाखडी. लालचा हात मानेवर, निळा मागं. निळा पुन्हा मागं. लाल खाली — एकेरी पट, डावा पाय! निळा बसला. लाल पाठीवर, सवारी घेतली. निळ्याचे कोपर मातीत, घट्ट आहे. लालची कमरेला मिठी. डावा कोपर सुटला — भारंदाज!’

इथं गप्प राहायचं. पंचांच्या हाताकडं बघायचं. हात वर गेला, शिट्टी झाली, गर्दीचा आवाज उठला की तो तीन-चार सेकंद तसाच राहू द्यायचा. तो आवाज लोकांचा आहे, त्यावर आपला आवाज चढवायचा नाही. तो ओसरला की: ‘विजय लाल पट्टीचा,’ मग पैलवानाचं पूर्ण नाव आणि गाव, ‘डाव भारंदाज, वेळ तीन मिनिटं दहा सेकंद. निळ्याच्या डाव्या हाताचा टेकू सुटला आणि लालनं त्याच बाजूनं फिरवला.’ टीव्हीवर डाव पुन्हा दाखवतात, आपल्याकडं ती सोय नाही. हे शेवटचं वाक्य म्हणजेच आपला पुन्हा दाखवलेला डाव. पाचव्या रांगेतल्या पोराला कुस्ती कळते ती या वाक्यात. हे एक वाक्य प्रत्येक कुस्तीनंतर आलं तर दोन हंगामांत गावातली पोरं डाव ओळखू लागतील, ही आमची खात्री आहे.

अंगाच्या भागांसाठीही आपल्याकडं शब्द भरपूर आहेत, ते वापरावेत. मानगूट, काख, बगल, कंबर, मांडी, गुडघ्यामागची लवण, पोटरी, घोटा. ‘पाय धरला’ यापेक्षा ‘घोटा धरला’ किंवा ‘लवणीत हात घातला’ म्हटलं की मागच्या माणसाला पकड किती खोल आहे ते कळतं. घोट्याची पकड सुटू शकते, लवणीतली सहसा सुटत नाही. जाणत्यांच्या डोळ्यांपुढं तेवढ्यावर चित्र उभं राहतं.

निकाल पंचांचा असतो, निवेदकाचा नाही. सर्वात घातक चूक होते ती इथं. पंचांचा हात वर जाण्याआधी माइकवरून ‘चितपट! अस्मान दाखवलं!’ असं गेलं की एका बाजूची गर्दी आखाड्यात उतरते. पंचांनी नंतर ‘पाठ लागली नाही’ असा निर्णय दिला तर ती गर्दी माघारी फिरत नाही. माइकवरचा एक शब्द मागं घेता येत नाही आणि पुढची भांडणं पंचांच्या माथी येतात. म्हणून कितीही स्पष्ट दिसलं तरी शिट्टीपर्यंत फक्त ‘पाठ जवळ आहे, पंच वाकले आहेत’ एवढंच म्हणावं. याच कारणानं पहिल्या कुस्तीआधी पंचांना माइकवर बोलवून नियम लोकांसमोर सांगायला लावावेत. पाठ फिरता-फिरता टेकली तर धरणार की दोन्ही खांदे रोखून धरलेले हवेत? आखाड्याबाहेर लागलेली पाठ चालणार का? वेळ किती, आणि वेळ संपल्यावर बरोबरीत सोडवणार की गुणांवर निकाल देणार? दर गावाचा रिवाज वेगळा असतो. आधी सांगितलेला नियम लोक मानतात, वाद झाल्यावर सांगितलेला मानत नाहीत.

आता तालुक्याच्या ठिकाणी मॅटवरच्या कुस्त्याही होतात. महाराष्ट्र केसरीत 1961 पासूनची परंपरा आहे आणि आज माती व गादी (मॅट) हे दोन विभाग होऊन त्यांच्या विजेत्यांत शेवटची लढत होते. त्यामुळे दोन्हींचे नियम निवेदकाला तोंडपाठ हवेत. मॅटवर मातीचे शब्द तसेच चालतात, हिशेब मात्र वेगळा. फ्रीस्टाइलमध्ये 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे 30 सेकंद विश्रांती. 17 वर्षांखालच्यांना 2-2 मिनिटं. खाली आणून कब्जा घेतला तर 2 गुण, पाठ धोक्यात आणली तर 2, खाली असलेल्यानं उलटून कब्जा घेतला तर 1, बाहेर ढकललं तर 1, उभ्यानं फेकून थेट पाठ दाखवली तर 4, आणि उंचावरून मोठ्या फेकीला 5. 10 गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. कुस्तीचं वर्तुळ 9 मीटर व्यासाचं असतं आणि त्याच्या कडेचा 1 मीटरचा नारिंगी पट्टा हा कुस्तीच्या जागेतच धरतात. पाय नारिंगीवर पडला की ‘बाहेर, बाहेर’ ओरडणारे निवेदक बरेच. तो गडी आतच असतो. पट्टा ओलांडून पाय पलीकडं टेकला तर गुण.

त्याहून मोठा घोटाळा बरोबरीचा. फलकावर 4–4 दिसले की माइकवरून ‘बरोबरी!’ अशी घोषणा होते आणि लोक जादा वेळेची वाट बघू लागतात. मॅटवर बरोबरी नसतेच. ज्यानं एका डावात सर्वाधिक गुण मिळवले तो पुढं. म्हणजे दोन-दोनदा खाली आणून 4 केलेल्यापेक्षा एका फेकीत 4 घेतलेला पुढं. तिथंही समान असेल तर ज्याला कमी ताकिदी तो, आणि तेही समान असेल तर शेवटचा गुण ज्याचा तो. शेवटच्या मिनिटाला निवेदकानं हे सांगितलं, की ‘गुण समान, पण आघाडी निळ्याची, लालला एक तरी गुण काढावाच लागेल,’ तर तीच कुस्ती लोक जागेवरून उठून बघतात. न सांगितल्यास निकालानंतर पंचांवर पक्षपाताचा आरोप होतो.

देणगीच्या चिठ्ठ्यांबद्दल आयोजकांना कळकळीची विनंती. इनाम देणारे नसतील तर दंगल होणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यांचं नाव मोठ्यानं आणि मानानं घेतलं गेलं पाहिजे. फक्त सलामीपासून निकालापर्यंत एकही चिठ्ठी वाचू नये. साधा हिशेब करा. दंगलीत 60 कुस्त्या असतील आणि दोन कुस्त्यांमध्ये एक मिनिट मिळत असेल, तर दर मिनिटाला तीन नावं सावकाश वाचली तरी 180 देणगीदार होतात. त्यातून कोणी उरत नाही. उलट पट पडलेला असताना वाचलेलं नाव कोणी ऐकतही नाही, म्हणजे देणगीदाराचाही मान राहत नाही. चिठ्ठ्या गोळा करायला एक पोरगा नेमावा. तो त्या मंचाकडून आणील, क्रमानं लावील आणि निकाल लागल्यावरच निवेदकाच्या हातात देईल. शिट्टी वाजेपर्यंत मान्यवरांच्या आगमनाचीही घोषणा नको, मग ते कितीही मोठे असोत.

त्याच पोराला दुसरं काम द्यावं. आपल्याकडं बऱ्याच जोड्या आखाड्यावरच लागतात. गडी फेरी मारतो, दुसरा हात मिळवतो, पंच वजन-उंची नजरेनं जोखून जोड मान्य करतात. निवेदकाला तयारीला जेमतेम दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा गोष्टी लिहून याव्यात: नाव, गाव आणि तालुका, वस्ताद किंवा तालीम, वजन, इनाम, लंगोटाचा रंग. तालुका विसरू नये. पिंपळगाव, वडगाव, लोणी ही नावं दर जिल्ह्यात चार-चार आहेत आणि चुकीच्या गावाच्या नावे विजय गेला की त्या पैलवानाच्या मनाला फार लागतं. नाव पैलवानाच्या तोंडून एकदा ऐकून घ्यावं. मागच्या विजयांची माहिती त्याच्या वस्तादानं सांगितली तरच बोलावी. ‘अमुक केसरी’, ‘तमुक चॅम्पियन’ अशा पदव्या आपल्या मनानं लावू नयेत. खोटी पदवी समोरच्या गड्याला न घडलेल्या पराक्रमाची भीती घालते.

माइक आणि भोंगे हा विषय लाऊडस्पीकरवाल्यावर सोडून चालत नाही. एको पहिल्याप्रथम बंद करायला लावावा. ऑर्केस्ट्राला तो शोभतो, कुस्तीत ‘पट’ आणि ‘पाठ’ एकमेकांत मिसळतात, आणि या दोन शब्दांत तर सगळ्या कुस्तीचा फरक आहे. माइक तोंडासमोर सरळ न धरता चार बोटं अंतरावर, थोडा तिरका धरावा. पट, पाठ, फेक, भारंदाज, बगल: कुस्तीतले बरेच शब्द प-फ-ब-भ वरून सुरू होतात आणि सरळ धरलेल्या माइकवर त्या प्रत्येकाचा फटका बसतो. भोंगे आखाड्याजवळच्या खांबांवर, तोंडं बाहेर गर्दीकडं करून बांधावेत, म्हणजे माइक त्यांच्या मागं राहतो आणि भोंग्यातून शिट्टी वाजत नाही. गर्दीच्या मागं भोंगे लावून तोंडं आत केली की शिट्टीही वाजते आणि शब्दही दुहेरी ऐकू येतात. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. 100 मीटरवरच्या भोंग्याचा शब्द जवळच्या भोंग्यापेक्षा पाव सेकंदाहून उशिरा पोचतो, तेवढ्यात आपण पुढचं अक्षर उच्चारलेलं असतं. मोठी गर्दी असेल तर आवाज वाढवण्यापेक्षा बोलणं सावकाश करावं. भोंग्यातून खर्ज नीट निघत नाही, म्हणून जड आवाजाच्या माणसानं थोडं वरच्या पट्टीत बोलावं. वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, तेव्हा बारा व्होल्टची भरलेली बॅटरी अॅम्प्लिफायरशेजारी हवीच.

डफडेवाल्यांशी आधी बोलून घ्यावं. खडाखडीत डफडं वाजू द्यावं, त्यानं गड्यांना चेव येतो. पकड झाली की निवेदकानं हात वर करावा आणि डफडं थांबावं. निकालाला पुन्हा सुरू. ही खूण ठरलेली नसली तर दोघंही एकमेकांवर आवाज चढवत राहतात आणि पहिल्या तासात निवेदकाचा घसा बसतो.

घशाचं बोलायचं तर चार-पाच तास एकट्यानं माइक ओढण्यात काही पराक्रम नाही. दोघांनी वीस-वीस मिनिटं वाटून घ्यावीत. कोमट पाणी जवळ ठेवावं, थंड पेयं टाळावीत. त्याहून बरं म्हणजे टीव्हीवरच्या जोडीसारखी विभागणी: माइकवर सराव असलेला एक जण हालचाल सांगेल आणि शेजारी गावचा जुना पैलवान किंवा वस्ताद बसून कुस्ती संपल्यावर डाव कसा लागला ते दोन वाक्यांत सांगेल. असे वस्ताद गावोगाव आहेत. अमरावतीत तर 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था उभी आहे, या मातीत जाणकारांची वाण नाही. मात्र पकड ते निकाल या काळात दुसऱ्यानं तोंड उघडू नये, हा नियम दोघांनी पाळायचा.

आता काही गोष्टी न बोलण्याच्या. ‘हाड मोड’, ‘तोड’, ‘मार’ असले शब्द माइकवर नकोत. दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या कुस्तीत हरलेल्याची टर उडवू नये. तो पोरगा पुढच्या वर्षी आखाड्यात उतरणार की नाही, हे त्या एका वाक्यावर ठरतं. गावाचं नाव ओळखीपुरतं घ्यावं, ‘आता अमक्या गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे’ असं म्हणू नये. रात्री रस्त्यात मारामाऱ्या होतात त्या अशा वाक्यांतून. जात, समाज यांचा उल्लेख कोणत्याही निमित्तानं नको. पैजा लावण्याचं आवाहन तर कधीच नको. मुलींच्या कुस्त्या आता आपल्याकडंही लागतात. 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. मुलींच्या कुस्तीत तेच शब्द वापरायचे जे मुलांच्या कुस्तीत वापरतो: पट, सवारी, भारंदाज. ‘वाघीण’, ‘रणरागिणी’ यांच्या माऱ्यात तिनं मारलेल्या डावाचं नाव बुडून जातं.

कोणी जखमी झाला, खांदा निखळला, मान आखडली, तर माइकवर दोनच वाक्यं: डॉक्टरांनी आखाड्यात यावं, बाकी कोणी येऊ नये. काय झालं असावं याचा अंदाज बोलू नये, गर्दीत त्याची आई किंवा भाऊ असतो. डॉक्टर कुठं बसले आहेत हे दंगल सुरू होण्याआधी निवेदकाला माहीत असलं पाहिजे.

शेवटी एक मागणं आपल्या दैनिकाकडंही आहे. दंगलीच्या बातम्या आपण छापता याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण त्या बातमीत उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, इनामाची रक्कम आणि विजेत्याचं नाव असतं, डाव नसतो. 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं हे सगळ्यांना पाठ आहे, आणि काल आपल्या तालुक्यात पहिल्या नंबरची कुस्ती कशावर झाली हे दुसऱ्या दिवशी गावात कोणाला सांगता येत नाही. आपल्या वार्ताहरांना एवढंच सांगावं की निदान पहिल्या तीन कुस्त्यांचा डाव आणि वेळ बातमीत यावी. ती माहिती आखाड्याच्या काठाला उभ्या निवेदकाच्या कागदावर लिहिलेली मिळेल. या हंगामापासून ती लिहून ठेवण्याचं आम्ही आपसांत ठरवलं आहे.

आपले,
दंगलीचे काही निवेदक, वस्ताद आणि पंच
(अमरावती, अकोला व वाशीम जिल्ह्यांचा ग्रामीण भाग)